जिप्सी १.३ ला खालचा दम हवा: टर्बो बसवावा की सुपरचार्जर?

सुदामानगर_जिप्सी

मंडळी, गाडी २०१२ ची जिप्सी किंग, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय. कागदावर मिनिटाला ६००० फेऱ्यांना ८० हॉर्सपॉवर आणि ४५०० ला १०३ न्यूटन-मीटर. तक्रार त्या ४५०० चीच आहे. चोरल, जानापावकडच्या कच्च्या चढांवर, पावसाळ्यात काळ्या मातीत, गाडी १५०० ते २५०० फेऱ्यांतच चालवावी लागते आणि तिथे इंजिन मान टाकतं. आठवडाभर हीच गाडी इंदूर-पीथमपूर ये-जा करते, ७०-८० च्या वेगाने.

इंजिन उघडायचं नाही, पिस्टन-रॉड कंपनीचेच राहतील. बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा वर दिलेला दाब) ०.४ बारच्या वर नको. समोर दोन वस्तू आहेत: स्विफ्ट डिझेलमधून निघालेला टर्बो (धुराच्या जोरावर फिरणारा), आणि जपानी छोट्या गाडीतून आलेला वापरलेला आयसिन एएमआर५०० सुपरचार्जर (इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा). कम्प्रेशन चारही सिलिंडरला ११.६ ते १२ बारच्या दरम्यान. टायर २३५/७५ आर १५. पेट्रोल पंपावरचं साधं. काय घ्यावं, आणि कशाने घोळ होतो?

बारा_तेराचा_पाना

कम्प्रेशन ठीक आहे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत हे महत्त्वाचं. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, हवेचा दाब इथे ०.९५ बारच, म्हणून समुद्रकाठच्या आकड्यापेक्षा रीडिंग पाच टक्के कमी येणारच. त्यासाठी घाबरू नका. गेजवर एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांनी खाली असता तर बूस्टचा विषय इथेच संपवला असता.

आता टायर. जिप्सी किंगचं मूळ माप २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिलिमीटर. तुमचा २३५/७५ आर १५ निघतो ७३३. म्हणजे गिअरिंग जवळपास दहा टक्के लांब झालं आणि चाकावरचा जोर तेवढाच घटला. मीटर ७३ दाखवतो तेव्हा गाडी खरी ८० ला असते. जो दम तुम्ही बूस्टने मिळवू पाहताय त्याचा तिसरा हिस्सा टायरनेच खाल्लाय. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०३, निम्मं नुकसान भरून निघतं आणि जमिनीपासूनची उंची फक्त १५ मिलिमीटर कमी होते. शिवाय ट्रान्सफर केसचं (दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या दुसऱ्या गिअरबॉक्सचं) लो रेंज २.२६८, हाय १.४०९. लिव्हर ४एलमध्ये (फोर-व्हील लो) टाकला की चाकावर ६१ टक्के जास्त जोर. कच्च्या चढावर हायमध्ये क्लच जाळत बसणारे मग इंजिनला दोष देतात.

हे करूनही बूस्ट हवाच असेल, तर तुमच्या फेऱ्यांच्या पट्ट्यात सुपरचार्जर. कारण सरळ आहे. एएमआर५०० रूट्स जातीचा (दोन रोटर एकमेकांत फिरून हवा ढकलतात), दर फेरीला ५०० सीसी हवा ढकलतो. तुमचं इंजिन क्रँकच्या एका फेरीत १२९८ च्या निम्मी, म्हणजे ६४९ सीसी हवा मागतं. पुलीचं गुणोत्तर १.३ ठेवलं तर दोघांची कागदावर बरोबरी होते, म्हणजे बूस्ट जवळपास शून्य. ०.४ बारसाठी, रोटरच्या फटींतून गळणारी हवा आणि तापलेली हवा दोन्ही धरून, गुणोत्तर १.६ ते १.८ लागतं. इंटरकूलर नसेल तर १.६ कडे, असेल तर १.८ कडे. क्रँक पुली समजा १४० मिलिमीटर असेल, तर १.७ साठी ब्लोअरची, म्हणजे सुपरचार्जरची, पुली ८२. इंजिन ६००० ला असताना ब्लोअर १०,२०० वर फिरेल. घेतलेल्या युनिटची कमाल फेऱ्यांची मर्यादा याच्याशी ताडून घ्या.

मोठा फायदा असा की १५०० फेऱ्यांनाही बूस्ट असतो. पूर्ण ०.४ नाही, कारण हळू फिरताना गळतीचं प्रमाण वाढतं, पण ०.२ च्या वर धरा. पॅडल दाबलं की लगेच. वर ६००० ला ब्लोअर फिरवण्यातच सहा-सात हॉर्सपॉवर जातात, ते मान्य करून चाला. तुम्हाला वरचं नकोच आहे.

जिप्सीत आणखी एक सोय आहे: ना एसी, ना पॉवर स्टिअरिंग. बेल्टवर फक्त अल्टरनेटर आणि वॉटर पंप. पुढे ब्रॅकेटला जागा मिळते.

बूस्टगेज

वरच्या उत्तराशी सहमत, पण टर्बोला एवढ्यात बाद करू नका. बाद करायचाय तो *तो* टर्बो.

स्विफ्ट डिझेलच्या ७५ हॉर्सपॉवरवाल्या १.३ मल्टिजेटवर बोर्गवॉर्नरचा केपी३५ असतो. कॉम्प्रेसरचं माप तुमच्या इंजिनाला तसं जुळतं. १०० ते १०५ हॉर्सपॉवरच्या पेट्रोलला मिनिटाला पावणेपाच किलोच्या आसपास हवा लागते आणि तेवढं हे चाक ढकलू शकतं. म्हणूनच लोक हाच शोधतात. अडचण टर्बाइनच्या बाजूला आहे. डिझेलचा धूर साधारण ७५०-८०० अंशांचा, पेट्रोलचा पूर्ण लोडवर ९०० ते ९५० चा. डिझेलसाठी ओतलेलं हाउसिंग त्या उष्णतेला वाकतं, वेस्टगेटच्या (जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या दाराच्या) भोकापासून तडे जातात, फ्लॅप नीट बंद होत नाही.

दुसरी, आणि जास्त धोक्याची: त्याचा वेस्टगेट ॲक्च्युएटर. आतली स्प्रिंग डिझेलच्या बूस्टसाठी, म्हणजे एक बारच्या आसपास आणि वर. बूस्ट कंट्रोलरने बूस्ट वाढवता येतो, स्प्रिंगच्या खाली आणता येत नाही. "०.४ ठेवू" म्हणून बसवलेला टर्बो पहिल्याच चढावर १ बार देईल आणि तुमचे कंपनीचे कास्ट पिस्टन रिंगच्या कडेला फुटतील. ०.३-०.४ ची स्प्रिंग असलेला ॲक्च्युएटर वेगळा घ्यावा लागतो आणि आर्मची लांबी जुळवावी लागते.

टर्बोच घ्यायचा तर १ लिटर टर्बो-पेट्रोलच्या मापाचा, पेट्रोलच्या उष्णतेसाठी बनलेला, शक्यतो पाण्याने थंड होणारा घ्या. पीथमपूरच्या रस्त्यावर तो सुपरचार्जरपेक्षा बरा: क्रूझला बेल्टचा भार नाही, ॲव्हरेजला फटका कमी, आणि वेगाच्या वाऱ्यात इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) चांगला चालतो. पण १५०० फेऱ्यांना, अर्ध्या पॅडलवर, धुरात टर्बाइन फिरवायला ताकदच नसते. तुमच्या मूळ तक्रारीवर तो इलाज नाही.

ऑफरोडला टर्बोचा आणखी एक खोडा, जो रस्त्यावरच्या गाड्यांत दिसत नाही. टर्बोचं तेल दाबाने आत जातं पण बाहेर पडतं ते फक्त उताराने. परतीची नळी आतून किमान १२-१६ मिलिमीटर, सतत खाली उतरती, आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पातळीच्या वर शिरणारी हवी. सपाट जमिनीवर वर असलेलं ते तोंड गाडी एका कडेला २५-३० अंश कलली की तेलात बुडतं. तेल टर्बोत तुंबतं, सीलमधून सायलेन्सरमध्ये आणि इनटेकमध्ये जातं, निळा धूर निघतो. मेकॅनिक म्हणतो सील गेलं, टर्बो बदला. सील शाबूत असतं. नळी ज्या बाजूला उतरते ती बाजू ध्यानात ठेवून, पातळीच्या जितकं वर शक्य तितकं तोंड बसवणं हाच उपाय.

नाल्यात गाडी घालत असाल तर लालबुंद टर्बो हाउसिंगवर थंड पाणी म्हणजे तडा. हे सांगायला नकोच.

बारा_तेराचा_पाना

नाल्याचा मुद्दा दोन्हीकडून लागू आहे, भिया. पाणी-चिखल बेल्टवर आला की ब्लोअरचा बेल्ट घसरतो, आणि घसरलेला बेल्ट तापून चकचकीत होतो. मग कोरड्यातही घसरतो. म्हणून बेल्ट निदान सहा रिबचा, ब्लोअर पुलीवर त्याचा किमान अर्धा वेढा, आणि स्प्रिंगचा टेन्शनर बेल्टच्या सैल बाजूला. ताणलेल्या बाजूला टेन्शनर लावला तर जोरात ॲक्सिलरेट केल्यावर तोच दबतो आणि बेल्ट सुटतो. पुल्यांची ओळ एक मिलिमीटरच्या आत. ब्रॅकेट ब्लॉकला तीन ठिकाणी धरा, दोन बोल्टांवर लटकवू नका. दोन बोल्टांवरचा ब्रॅकेट कंपनांनी हळूहळू वळतो आणि बेल्ट रिब सोडून चालायला लागतो.

वापरलेला एएमआर५०० घेताना:

पुली हाताने फिरवा. एकसारखी, थोडी जड फिरली पाहिजे. कुठे कडक लागली, किंवा आतून धातू धातूला घासल्याचा आवाज आला, तर परत द्या. तोंडात टॉर्च मारून रोटर पाहा, कडांवर चमकदार ओरखडे म्हणजे रोटर एकमेकांना किंवा केसिंगला लागलेत. पुली वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ पाहा. आउटलेटमध्ये बोट फिरवा. तेल लागलं तर गिअरकेसचं सील गेलंय. बहुतेक युनिटं कोरडी येतात, तेल काढून पाठवलेली असतात. गिअरकेसमध्ये योग्य प्रतीचं, प्लगच्या पातळीपर्यंत तेल न घालता फिरवलं तर गिअर किंचाळतात आणि मग दुरुस्त होत नाहीत. पातळीच्या वर भरलं तर तेल तापून सीलमधून आत येतं.

आणि बायपास व्हॉल्व्ह विसरू नका. व्हॅक्यूमवर उघडणारा, ब्लोअरच्या पुढची-मागची बाजू जोडणारा. तो नसेल तर क्रूझलाही तीच हवा रोटरमध्ये पुन्हा पुन्हा मळली जाते, केसिंग तापतं, आणि पीथमपूरला पोहोचेपर्यंत पेट्रोलचा खर्च कळून येतो.

लॅम्बडा_एक

दोघांनी लोखंडाचं सांगितलं, मी हवा-पेट्रोलचं सांगतो. माझ्या मते टर्बो की सुपरचार्जर हा इथला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मे महिन्यातली ४२ अंशांची हवा.

हिशेब: इथला दाब ०.९५, त्यात ०.४ मिळवले की दाबाचं गुणोत्तर १.४२. ४२ अंशांची हवा एवढी दाबली तर आदर्श यंत्रातही ३३ अंशांनी तापते. रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती ६० ने तापते: इनटेकमध्ये १०२ अंश. ७० टक्क्यांच्या टर्बोत तीच ८९. या हवेवर साधं पेट्रोल नॉक करणार, म्हणजे आपोआप भडकून ठोके देणार. इंटरकूलरशिवाय उन्हाळ्यात ०.४ चालवू नका, ०.२५ वर थांबा. आणि चढावर गाडीचा वेगच १० चा असतो, समोरून वारा नाही, म्हणून पुढे लावलेला इंटरकूलर स्वतःच्या पंख्याशिवाय निरुपयोगी. त्यावर चिखल बसला की रेडिएटरचीही हवा अडते.

इनटेक हवेचा तापमान सेन्सर ब्लोअर आणि इंटरकूलरच्या *नंतर* हवा. तो एअर फिल्टरच्या पाइपात तसाच राहिला तर ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) हवा ४२ ची वाटते, आत १०० ची असते, आणि टायमिंग त्या खोट्या आकड्यावर चालतं. सगळं बरोबर लावूनही "कळतच नाही का नॉक करते" म्हणणाऱ्या गाड्यांत हे सापडतं.

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा): कंपनीचा वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो. तुम्हाला १.३५ बार निरपेक्ष दाब वाचायचाय, २ बारचा सेन्सर पुरतो. अर्थात कंपनीचा ईसीयू त्याचं करणार काय? स्वतंत्र ईसीयू, किंवा इंजेक्टर आणि टायमिंग दोन्ही हाताळणारा पिगीबॅक (कंपनीच्या ईसीयूला जोडायचा डबा). फक्त पेट्रोल वाढवणारा डबा घेऊ नका, बूस्टमध्ये टायमिंग मागे घेणं त्याहून महत्त्वाचं.

इंजेक्टर: १०५ हॉर्सपॉवर निव्वळ धरा, पण ब्लोअर जे खातो तेही पेट्रोलनेच भरायचंय, म्हणून हिशेब ११० चा. ८० टक्के ड्यूटीवर (म्हणजे इंजेक्टर ८० टक्के वेळ उघडा) एका इंजेक्टरला २१५-२२० सीसी प्रतिमिनिट. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, त्याचं संतुलित मिश्रण, म्हणजे एका भागाला लागणारी हवा, १४.७ नाही, १३.५ च्या जवळ, म्हणजे सात-आठ टक्के जास्त. २४०-२५० सीसीचे घ्या. चौपट मोठे घेतले तर आयडल बिघडतं.

प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलेली आहे ना, पाहा. रेग्युलेटर स्थिर दाबाचा असेल तर ३ बारच्या लाइनीत, ०.४ बूस्टला इंजेक्टरच्या तोंडाशी फरक २.६ च उरतो आणि पेट्रोल सात टक्के कमी पडतं, नेमकं जास्त लागतं तेव्हा. गाडी २०१२ ची, रबरी नळ्या ई२० चा विचार करून बनलेल्या नाहीत. बूस्टच्या आधी इंधनाच्या सगळ्या नळ्या बदला. गरम इंजिनाजवळ झिरपणारी नळी हा थट्टेचा विषय नाही.

मिश्रण बूस्टमध्ये लॅम्बडा (संतुलित मिश्रण म्हणजे १, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८० ते ०.८५. गेज लॅम्बडामध्येच वाचा. पेट्रोलच्या मापाचं गेज ०.८२ ला १२ दाखवेल आणि ई२० च्या हिशेबाने ते ११ असतं, तिथे लोकांचा गोंधळ होतो. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर या कामाचा नाही, मिश्रणाचा पूर्ण पट्टा मोजणारा वाइडबँड लागतो. टायमिंग बूस्टच्या टोकाला ६ ते ८ अंश मागे ठेवून सुरू करा, मग नॉक ऐकत एक-एक अंश पुढे आणा. प्लग एक नंबर थंड, गॅप ०.७ ते ०.८. जुन्या गॅपवर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि ती मिसफायर पेट्रोल कमी पडल्यासारखी वाटते. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं घाला.

पलासिया_पेपरवर्क

कोरडं पण सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए(४) मध्ये मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघाताच्या क्लेममध्ये विमा कंपनीला सर्व्हेअरच्या फोटोत ब्लोअर दिसला की पुढचं बोलणं अवघड. ही गाडी रोज एबी रोडवर, पीथमपूरकडे जाणार आहे, फक्त शेतावर नाही.

सुदामानगर_जिप्सी

सगळ्यांचे आभार. टर्बो सोडला. टायर २१५/७५ वर आणतो आणि लो रेंजची सवय लावतो, मग एक पावसाळा बघतो. कमी पडलं तर एएमआर५००. दोन शंका: थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी की नंतर? आणि सगळं एकदम बसवावं की टप्प्याने?

बारा_तेराचा_पाना

थ्रॉटल आधी. फिल्टर, थ्रॉटल, ब्लोअर, इंटरकूलर, मॅनिफोल्ड अशी ओळ. नंतर ठेवलात तर पॅडल सोडल्यावर ब्लोअर बंद दारावर हवा ढकलत राहतो आणि मोठा रिलीफ व्हॉल्व्ह लागतो. आयडलची हवा मात्र थ्रॉटलच्या आधीच्या भागातून घ्या.

टप्प्यानेच. पहिल्यांदा ईसीयू, इंजेक्टर, वाइडबँड, नळ्या, प्लग एवढंच, ब्लोअरशिवाय. गाडी आयडल, क्रूझ, चढ सगळीकडे मूळ गाडीसारखी चालली की पुढे. मग ब्लोअर १०० मिलिमीटरच्या पुलीवर, गुणोत्तर १.४, बूस्ट जेमतेम. सुरू करण्याआधी इनटेकला ०.५ बार हवा देऊन प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी.

या टप्प्यावर तीन नळ्या बघा, कारण त्यांच्यात आजवर फक्त व्हॅक्यूम होता. ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासा, तो दोन्हीकडून उघडत असेल तर बूस्टमध्ये ब्रेक पेडल कडक होईल. पीसीव्हीला (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या नळीला) एकमार्गी व्हॉल्व्ह टाका, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये जाऊन डिपस्टिक उडेल आणि मागच्या क्रँक सीलमधून तेल क्लचवर येईल. पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरची पर्ज नळीही तशीच.

तेल आणि पाण्याचं तापमान, लॅम्बडा, नॉक सगळं जागेवर असेल तर ८२ ची पुली. क्लच कंपनीचाच असेल तर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावरून पूर्ण पॅडल दाबून बघा. फेऱ्या वाढल्या आणि वेग नाही वाढला, तर क्लच प्लेट बदलेपर्यंत १०० चीच पुली राहू द्या.

बूस्टगेज

एक राहिलं. पुली बदलल्यावर बेल्टची लांबी बदलते. १०० आणि ८२ साठी दोन बेल्ट लागतील, एकावर टेन्शनर ओढून भागवू नका, वेढा कमी होतो. आणि स्पेअर बेल्ट पान्यासकट गाडीतच ठेवा. वॉटर पंपाचा बेल्ट मात्र वेगळाच असू द्या. ब्लोअरचा तुटला तर घरी येता येतं, दोन्हींचा एकच असेल तर चोरलच्या चढावरून टोचन.